इत्थिन्द्रिय, लिंग आणि व्यंजन : स्त्री-पुरुष भेदाच्या व्याख्येची एक चिकित्सा

१

स्त्री कोणाला म्हणावे आणि पुरुष कोणाला म्हणावे, हा प्रश्न फार काळ कोणी गांभीर्याने विचारला नाही. कारण त्याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊकच आहे अशी सर्वांची समजूत होती. आज तोच प्रश्न न्यायालये, क्रीडासंस्था आणि रुग्णालये यांच्या दारात उभा आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचा आपली ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून लावावा असा निर्णय दिला. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने १ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक स्पर्धांच्या स्त्री-गटात उतरणाऱ्या खेळाडूंना एका जनुकाची चाचणी सक्तीची केली. प्रत्येक ठिकाणी ‘स्त्री’ हा शब्द एकच आहे. परंतु त्याची व्याख्या करण्याचे प्रयोजन निराळे आहे, आणि म्हणून व्याख्याही निराळी आहे.

या वादात बौद्ध ग्रंथांनाही अधूनमधून साक्षीला बोलावले जाते. एक पक्ष म्हणतो, विनयपिटकात चार लिंगे सांगितली आहेत. तेव्हा स्त्री-पुरुषांपलीकडील व्यक्तींना बौद्ध परंपरेने प्राचीन काळीच मान्यता दिली. दुसरा पक्ष म्हणतो, अभिधम्मात इंद्रिये दोनच आहेत, इत्थिन्द्रिय आणि पुरिसिन्द्रिय, तिसरे नाही, तेव्हा हा सारा आधुनिक गोंधळ होय. दोन्ही पक्ष ग्रंथांचा हवाला खरा देतात. परंतु दोन्ही पक्ष अर्धाच ग्रंथ वाचतात. हे दोन पिटकांतील विवेचन एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तर त्यातून काय निष्पन्न होते हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तसे वाचताना परंपरेच्या काही उणिवाही दृष्टीस पडतात. त्या झाकण्याचे कारण नाही.

२

प्रथम विनय. पहिल्या पाराजिकाच्या विभंगात व्यक्तींचे चार प्रकार मोजले आहेत: स्त्री, उभतोब्यंजनक, पंडक आणि पुरुष. हे चारही प्रकार मनुष्य, अमनुष्य आणि तिर्यग्योनी अशा तीन ठिकाणी लावून एकूण बारा वर्ग केले आहेत. ही यादी कशासाठी केली आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. भिक्खूने कोणाशी मैथुन केले असता तो पाराजिक होतो, हे निश्चित करण्यासाठी ती आहे. अपराधातून निसटण्याची एकही वाट राहू नये म्हणून येथे व्यक्तींची गणना केली आहे. तिच्यातून मनुष्यजातीची लिंगे किती, असा जीवशास्त्रीय सिद्धान्त काढणे म्हणजे चोरीच्या कायद्यातील वस्तूंच्या यादीवरून पदार्थविज्ञान रचण्यासारखे आहे. ‘चार लिंगे’ म्हणणाऱ्या पक्षाची चूक ही आहे.

यातील ‘पंडक’ या शब्दाने अनुवादकांना विशेष चकविले आहे. आय. बी. हॉर्नर यांनी विनयपिटकाचा सहा खंडांतील इंग्रजी अनुवाद १९३८ ते १९६६ या काळात सिद्ध केला. त्या थोर कार्याचे ऋण प्रत्येक अभ्यासकावर आहे. परंतु त्यांनी पंडकासाठी खच्ची केलेल्या पुरुषाचा वाचक असा इंग्रजी शब्द योजला, आणि आपल्याकडेही ‘नपुंसक’ हा शब्द सरसकट रूढ झाला. समन्तपासादिका या विनय-अट्ठकथेत पंडकाचे पाच प्रकार दिले आहेत: आसित्त, उसूय, ओपक्कमिक, पक्ख आणि नपुंसक. यांपैकी पहिले दोन प्रकार कामवासना कशाने शमते यावरून, म्हणजे वर्तनावरून ठरविले आहेत. तिसरा शरीरावर झालेल्या आघातावरून, चौथा पंधरवड्याच्या पालटावरून आणि केवळ पाचवा जन्मजात देहस्थितीवरून ठरविला आहे. अट्ठकथेच्या मते नपुंसक हा पंडकाचा एक प्रकार आहे. पंडक म्हणजे नपुंसक नव्हे. पाचांपैकी एका प्रकाराचे नाव सर्व वर्गाला दिल्याने वर्तन, अपघात आणि जन्म या तीन भिन्न गोष्टी वाचकाच्या मनात एक झाल्या.

लिओनार्ड झ्विलिंग यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा शब्द शब्दशः न घेता, पुरुषाकडून समाजाने अपेक्षिलेल्या भूमिकेतील उणीव दाखविणारा शब्द म्हणून वाचावा असे सुचविले. ही दिशा योग्य आहे. तथापि तिने पाचवा प्रकार पुरेसा उलगडत नाही. कारण तेथे अट्ठकथा भूमिकेविषयी बोलत नसून देहाविषयी बोलत आहे. म्हणून पंडक हा शब्द अनुवादात तसाच ठेवून त्याचे पाच प्रकार टीपेत देणे, हेच आज अधिक प्रामाणिक ठरेल असे वाटते.

३

आता अभिधम्माकडे वळू. धम्मसंगणीत इत्थिन्द्रियाचे विवरण करताना लिंग, निमित्त, कुत्त आणि आकप्प असे शब्द आले आहेत. अट्ठसालिनीत त्यांचा उलगडा आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकांना हा ग्रंथ परका नाही; पु. वि. बापट आणि रा. द. वाडेकर यांनी त्याची देवनागरी आवृत्ती १९४२ साली पुण्याहूनच काढली. अट्ठकथाकाराच्या मते लिंग म्हणजे हात, पाय, मान, छाती इत्यादींची ठेवण; निमित्त म्हणजे दाढीमिशी असणे वा नसणे यांसारखी ओळखण्याची खूण; कुत्त म्हणजे क्रिया; आणि आकप्प म्हणजे चालण्या-बसण्याची ढब.

यापुढे तो जे सांगतो ते फार महत्त्वाचे आहे. ही चारही म्हणजे इंद्रिय नव्हे. बीज असले म्हणजे त्याच्या आश्रयाने वृक्ष वाढतो, तशी ही चिन्हे इंद्रियाच्या आश्रयाने पुढे प्रकट होतात. लिंग, निमित्त इत्यादी डोळ्यांनी जाणता येतात आणि मनानेही जाणता येतात. इंद्रिय मात्र डोळ्यांना दिसत नाही, ते केवळ मनानेच जाणता येते. म्हणजेच दिसणारे चिन्ह आणि त्यामागील कारण यांत अट्ठकथाकाराने स्पष्ट भेद केला. चिन्हावरून कारणाचे अनुमान होते. चिन्ह पाहिले म्हणजे कारण पाहिले असे होत नाही.

मग ज्याच्या ठिकाणी दोन्ही व्यंजने आहेत त्याची इंद्रिये किती? हा प्रश्न अट्ठसालिनीने टाळलेला नाही. उत्तर असे की इंद्रिय एकच. स्त्री-उभतोब्यंजनकाला इत्थिन्द्रिय असते, पुरुष-उभतोब्यंजनकाला पुरिसिन्द्रिय असते. दुसरे व्यंजन दुसऱ्या इंद्रियामुळे येत नाही. याला आधार म्हणून यमकाचे वचन दिले आहे, त्यानुसार दोन्ही इंद्रिये एका ठिकाणी एकत्र उत्पन्न होत नाहीत. उलट नपुंसक-पंडकाविषयी समन्तपासादिका सांगते की प्रतिसंधीच्या क्षणीच त्याच्या ठिकाणी हा ‘भाव’ नसतो.

आता दोन्ही पिटके जुळवून पाहावीत. कारणाच्या पातळीवर प्रकार दोनच आहेत. तिसरे इंद्रिय कोठेही नाही. व्यक्तीच्या पातळीवर मात्र चार शक्यता उभ्या राहतात: एक इंद्रिय आणि त्याला अनुरूप चिन्हे असलेल्या स्त्री आणि पुरुष या दोन, एक इंद्रिय परंतु दोन व्यंजने असलेली तिसरी, आणि दोन्हींपैकी कोणतेच इंद्रिय नसलेली चौथी. दोन आणि चार या संख्यांत विरोध नाही, कारण त्या दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. कारणे दोन आहेत म्हणून माणसेही दोनच साच्यांत बसली पाहिजेत, हा निष्कर्ष अभिधम्माने काढला नाही. माणसे दोन साच्यांत बसत नाहीत म्हणून कारणे दोनाहून अधिक असली पाहिजेत, हाही निष्कर्ष त्याने काढला नाही.

अट्ठकथाकाराच्या सर्वच म्हणण्याला मात्र मान डोलावता येत नाही. कुत्ताचे उदाहरण म्हणून तो सांगतो की मुली लहानपणी सूप, मुसळ आणि बाहुली घेऊन खेळतात, मुलगे रथ आणि नांगर घेऊन खेळतात. भातुकली ही इंद्रियाच्या बीजातून उगवलेली आहे असे त्याला वाटते. ज्या घरात मुलीच्या हाती सूपच दिले जाते आणि मुलाच्या हाती ते कधीच दिले जात नाही, त्या घराचा रिवाज येथे रूपधर्माच्या खात्यावर मांडला गेला आहे. तसेच पुरुषलिंग उत्तम आणि स्त्रीलिंग हीन, ही अट्ठकथेतील प्रतवारी वर्गीकरणाचा भाग नव्हे. ती तत्कालीन समाजाने वर्गीकरणावर चढविलेली पुटे आहेत. अंगुत्तर निकायाच्या सत्तकनिपातातील संयोगसुत्त याच इत्थिन्द्रिय, कुत्त आणि आकप्प या शब्दांचा उपयोग करते; परंतु तेथे स्त्री आपल्या स्त्रीपणात आणि पुरुष आपल्या पुरुषपणात कसा गुंततो, हे दोघांविषयी सारख्याच शब्दांत सांगितले आहे. तेथे उत्तम कोणी नाही आणि हीनही कोणी नाही. दोघेही सारखेच बांधलेले आहेत.

४

आधुनिक जीवशास्त्र अभिधम्मात आधीच होते, असा दावा येथे करावयाचा नाही. इंद्रिय म्हणजे गुणसूत्र नव्हे. एक कर्मसमुत्थान रूप आहे, दुसरे पेशीतील द्रव्य आहे. तुलना होऊ शकते ती युक्तिवादाच्या रचनेची.

जीवशास्त्रात लिंगभेदाची सर्वांत व्यापक व्याख्या बीजपेशींवरून केली जाते. ज्या देहाची घडण मोठ्या बीजपेशी, म्हणजे अंडपेशी, निर्माण करण्याच्या दिशेने झाली तो मादी. लहान बीजपेशी, म्हणजे शुक्रपेशी, निर्माण करण्याच्या दिशेने झाली तो नर. ही व्याख्या माणसाला लागू पडते, पक्ष्याला लागू पडते आणि पपईच्या झाडालाही लागू पडते. तिच्यात तिसरी बीजपेशी नाही. लिंग ही केवळ कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे.

परंतु एका विशिष्ट देहात ही घडण कशी होते हे पाहू लागले की चित्र गुंतागुंतीचे होते. मानवी गर्भाच्या जननग्रंथी पहिले सुमारे सहा आठवडे दोन्हींपैकी कोणत्याही दिशेला जाऊ शकतील अशा अवस्थेत असतात. १९९० साली लंडनमधील संशोधकांनी वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक शोधले. वृषण घडविण्याची प्रक्रिया या जनुकाने सुरू होते. पुढे वृषणांतून संप्रेरके स्रवतात, पेशी त्यांना प्रतिसाद देतात आणि बाह्य अवयव आकार घेतात. या साखळीचा कोणताही दुवा निराळा वागू शकतो. एखाद्या व्यक्तीची गुणसूत्रे एक्सवाय असतात, शरीरात वृषणही असतात. परंतु तिच्या पेशी पुरुष-संप्रेरकाला प्रतिसादच देत नाहीत. तेव्हा देह स्त्रीचा घडतो, दाई मुलगी झाली असे सांगते, आणि ती मुलगी म्हणूनच वाढते. गुणसूत्र एक सांगते, अवयव दुसरे सांगतात. साखळीतील कोणता दुवा निर्णायक मानावयाचा, हे निसर्ग सांगत नाही. ते आपण ठरवितो, आणि कोणत्या तरी कामासाठी ठरवितो.

वैद्याला औषधाची मात्रा ठरविताना एक दुवा महत्त्वाचा, वंशवृद्धीचा अभ्यास करणाऱ्याला दुसरा, न्यायाधीशाला तिसरा. एकासाठी केलेली व्याख्या दुसऱ्याच्या दारावर पहारेकरी म्हणून उभी केली की अन्याय सुरू होतो.

५

हा अन्याय कोणावर होतो, याचे उत्तर क्रीडाक्षेत्राच्या इतिहासात आहे. १९६६ साली बुडापेस्ट येथील युरोपीय स्पर्धेत स्त्री-खेळाडूंना वैद्यांच्या मंडळापुढे विवस्त्र उभे राहावे लागले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालातील पेशी घेऊन गुणसूत्रांची चाचणी सुरू झाली. स्पेनची अडथळा-शर्यतीतील धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिन्यो १९८५ साली या चाचणीत ‘नापास’ झाली. तिची देहस्थिती वर वर्णन केल्याप्रमाणेच होती. ज्या संप्रेरकाचा लाभ तिला मिळाला असे गृहीत धरले गेले, त्याला तिचा देह प्रतिसादच देत नव्हता. १९८८ साली तिला पुन्हा पात्र ठरविण्यात आले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ स्त्री-खेळाडूंची चाचणी झाली. आठ जणींच्या पेशींत वाय गुणसूत्राची खूण आढळली, आणि अधिक तपासानंतर आठही जणींना खेळू दिले गेले. १९९९ साली ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी थांबविली. तरीही २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटर शर्यतीचे रौप्यपदक मिळविणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे पदक काढून घेतले गेले. ओडिशाच्या द्युती चंद यांना २०१४ साली राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळले गेले. त्यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये संबंधित नियम स्थगित झाला. आणि २०२५ साली सक्तीची चाचणी परत आली, ती एसआरवाय जनुकाचीच. ते जनुक शोधणाऱ्यांपैकी एक शास्त्रज्ञ ॲण्ड्र्यू सिंक्लेअर यांनी या उपयोगाला जाहीर विरोध केला. जनुक आहे एवढ्यावरून ते कार्य करते की नाही आणि देह त्याच्या परिणामाला प्रतिसाद देतो की नाही हे कळत नाही, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. बीज दिसले म्हणून वृक्ष दिसला असे होत नाही.

स्त्री-गटाला संरक्षण हवे, हे प्रयोजन खोटे नव्हे. स्त्रियांच्या स्पर्धा स्वतंत्र असतात त्यामागे देहसामर्थ्यातील खरा भेद आहे. परंतु या इतिहासात पुरुष-गटातील खेळाडूला ‘तू पुरुष आहेस हे सिद्ध कर’ असे कोणी म्हटले नाही. व्याख्येचा सारा भार एकाच बाजूने वाहिला.

आपल्या परंपरेनेही तेच केले आहे. उपसंपदेच्या वेळी पुरुष उमेदवाराला तेरा अंतरायिक प्रश्न विचारले जातात: पाच रोगांविषयी, आणि त्यानंतर मनुष्य आहेस काय, पुरुष आहेस काय, दास तर नाहीस ना, असे आणखी आठ. त्याच्या पुरुषत्वाविषयी एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तो स्वतः देतो. चुल्लवग्गात स्त्री उमेदवारासाठी चोवीस प्रश्न आहेत. तेरा तेच, त्यांच्या आधी अकरा अधिक, आणि ते अकराही तिच्या गुह्य अवयवांविषयी, रजोदर्शनाविषयी आणि व्यंजनांविषयी आहेत. एवढी उत्तरे दिल्यानंतरही तिला पुन्हा ‘स्त्री आहेस काय?’ असे विचारले जातेच. भिक्खूंपुढे ही उत्तरे देताना स्त्रिया लाजेने गप्प होत, म्हणून प्रथम भिक्खुणींनी विचारावे अशी सोय करण्यात आली, हेही चुल्लवग्गच नोंदवितो. सोय झाली, प्रश्न तसेच राहिले.

६

पंडकाला उपसंपदा नाकारणाऱ्या नियमाची कथा महावग्गात आहे. एका पंडकाने संघात राहून दुर्वर्तन केले, लोकांत अपकीर्ती झाली, आणि त्या वर्गालाच उपसंपदेचे दार बंद झाले. उभतोब्यंजनकाविषयीही तसाच नियम पुढे येतो. आता याच्याशेजारी सुदिन्नाची कथा ठेवावी. कलन्दकपुत्र सुदिन्न भिक्खू असताना आपल्या पूर्वपत्नीशी संग करता झाला. त्यावरून पहिले पाराजिक घालून दिले गेले. सुदिन्नाच्या अपराधामुळे पुरुषमात्राला संघाचे दार बंद झाले नाही. कृत्य निषिद्ध ठरले, वर्ग नव्हे. विनयाची एरवीची रीत हीच आहे. पंडकाच्या बाबतीत ती सुटली, असे म्हणणे भाग आहे. अट्ठकथाकारांनाही हा नियम सरसकट लावणे जड गेले असावे. कारण आसित्त आणि उसूय या दोन प्रकारांना प्रव्रज्या वर्ज्य नाही, आणि पक्ख-पंडकाला केवळ त्या त्या पंधरवड्यापुरतीच वर्ज्य आहे, असे कुरुन्दीच्या आधारे समन्तपासादिकेतच म्हटले आहे. दार पूर्ण बंद नव्हते. परंतु ते किलकिले आहे याची आठवण पुढच्या काळात राहिली नाही.

याच विनयात एक दुसरे उदाहरणही आहे, आणि ते अधिक उज्ज्वल आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाले. ही गोष्ट भगवंतांना सांगण्यात आली. त्यांनी चौकशी मंडळ नेमले नाही, कारण विचारले नाही, निष्कासनही केले नाही. उपज्झाय तेच, उपसंपदा तीच, वस्सही तितकेच, असे मान्य करून त्या व्यक्तीने भिक्खुणींसमवेत राहावे अशी अनुज्ञा दिली. जे नियम दोन्ही संघांना समान त्यांच्या आपत्तींची शुद्धी भिक्खुणींपुढे व्हावी, आणि जे केवळ भिक्खूंचे त्यांच्या आपत्ती राहिल्या नाहीत. उलट प्रसंगी भिक्खुणीविषयीही हीच व्यवस्था सांगितली. येथे ‘ही व्यक्ती खरोखर कोण?’ या प्रश्नापेक्षा ‘हिने आता कोणत्या संघात राहावे आणि हिचे मिळविलेले काय अबाधित राहावे?’ हा प्रश्न मोठा मानला आहे. वर्ग बदलला, साधनेची वर्षे पुसली गेली नाहीत.

व्याख्या आवश्यक आहे. रुग्णालयात, प्रयोगशाळेत, धावपट्टीवर आणि संघातही ती लागतेच; सर्व भेद मिथ्या आहेत असे म्हणून त्या कामातून सुटका होत नाही. परंतु प्रत्येक व्याख्येला तिचे प्रयोजन विचारले पाहिजे, आणि ती ज्याच्यावर लावावयाची त्याने पूर्वी मिळविलेले ती हिरावून घेते काय, हेही विचारले पाहिजे. सोमा थेरीला माराने स्त्रीच्या अल्पबुद्धीची आठवण करून दिली, तेव्हा चित्त सुसमाहित असता स्त्रीत्वाने काय अडते, असा तिने उलट प्रश्न केला. तिने आपले स्त्रीत्व नाकारले नाही. ते त्या दारावरचे कुलूप आहे, हे नाकारले. आज एखाद्या विहाराच्या दाराशी देहाने वेगळी अशी व्यक्ती शरण जाण्यासाठी येऊन उभी राहिली, तर तिला आपण अकरा प्रश्नांच्या यादीने सामोरे जाणार की त्या एका अनुज्ञेने, याचा निर्णय संघाला आणि उपासकांना करावा लागेल. ग्रंथात दोन्ही आहेत.